लाल घरातले ठिपके

बोईसरला आमच्या चाळीच्या गणपतीत यंदा मोठ्या माणसांसाठी रंगांचा खेळ ठेवला. अंगणात चौकोनी घरं आखायची, चार रंगांत रंगवायची. माइकवर रंग पुकारला की त्या रंगाच्या घरात जाऊन उभं राहायचं. चुकला तो बाद. रांगोळी मी बरी काढते म्हणून घरं रंगवायचं काम माझ्याकडे आलं, आणि आमच्या रांगेतून खेळायला नाव दिलं गेलं माझ्या नवऱ्याचं.

ह्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. दोन्ही मातीसारखेच. लग्नानंतर हे कच्चे टोमॅटो घेऊन आले तेव्हा मला कळलं, आणि ते माझ्यापाशीच राहिलं. एमआयडीसीत हे ठेकेदाराकडे गोण्या लावतात. गोणीवरचं अक्षर वाचून लावतात, चूक होत नाही. पण आता अक्षरं जाऊन नुसत्या रंगीत पट्ट्या येणार, असं सुपरवायझर सांगत होता. तो आमच्याच चाळीत राहतो, आणि तोही खेळणार होता. ठेक्यावरच्या माणसाला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणायला कारण लागत नाही.

“नाव काढून घ्या ना,” मी म्हणाले.

“का काढलं विचारतील. काय सांगू?”

लालमध्ये पांढरा मिसळून फिका केला की ह्यांना ओळखू येत होता. ताटात कालवून मी बघितलं होतं. पण शेजारची ताई म्हणाली, “अगं, गणपती हाय का बारसं? लाल कसा भडक पायजे!” मग भडकच केला. रंग पाण्यात कालवून लावले आणि वाळल्यावर घरांमध्ये कोरड्या पांढऱ्या रांगोळीने नक्षी काढली. लालमध्ये ठिपके, हिरव्यात रेघा, आणि ह्यांना तेवढं सांगून ठेवलं. संशय नको म्हणून पिवळ्या-निळ्यातही फुलं काढली.

खेळ सुरू झाला. “लाल” म्हटलं की हे ठिपक्यांवर, “हिरवा” म्हटलं की रेघांवर. मी खांबाआड उभी होते. एकेक माणूस बाद होत गेला आणि शेवटी दोघेच उरले, हे आणि सुपरवायझर. आता कोणाच्या मागे जायचीही सोय नव्हती. तेव्हा माझी नजर जमिनीवर गेली. रंग तसेच होते, ठिपके नव्हते. मी नक्षी घरांच्या मधोमध काढली होती, पाय पडतात तिथेच.

हे मान खाली घालून घरामागून घर बघत होते.

“क्या ढूँढ रहे हो भाई? नोट गिरा क्या?” सुपरवायझर म्हणाला. लोक हसले.

मी चार माणसांत बोलत नाही. नळावर कोणी माझ्यापुढे हंडा लावला तरी गप्प बसते. पण रांगोळीची वाटी घेऊन अंगणात उतरले आणि लाल घरांच्या कोपऱ्यांत ठिपके काढू लागले.

“वहिनी, गेम चालू हाय!” माइकवाला ओरडला.

“पुसलंय,” एवढंच तोंडातून निघालं. घाईत ठिपके वाकडे पडले.

“लाल!”

हे ठिपक्यांवर जाऊन उभे राहिले. सुपरवायझर जागचा हललाच नाही. आधी ठिपके बघितले, मग ह्यांना.

“बिंदी देखके गया तू?”

मला वाटलं, हे हसून उडवून देतील.

“हो साहेब,” हे म्हणाले. “लाल-हिरवा मला सारखाच दिसतो.”

“कल बात करते हैं,” म्हणून सुपरवायझर निघून गेला.

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. “सगळ्यांसमोर कशाला आलीस?” एवढंच विचारलं. सकाळी डबा घेऊन गेले. दिवसभर कंपनीचा भोंगा झाला की मी दाराकडे बघायची.

संध्याकाळी आले ते एक रिकामी गोणी घेऊन. ती जमिनीवर पसरली आणि पट्टीवर बोट ठेवलं.

“कुठला रंग हाय?”

“हिरवा.”

“साहेब म्हणतो, पट्टीवर खूण मारू देतो. पण एकदा जरी चुकलं, तर मग त्याच्या हातात काय नाय.”

मी म्हटलं, उचलून दाखवा. ह्यांनी रिकामीच गोणी भरल्यासारखी खांद्यावर घेतली. पंजा पट्टीच्या बरोबर मधोमध आला.

“खूण कोपऱ्यात मारायला सांगा,” मी म्हणाले. “मधे नको.”