उजाळ्याची डबी

ती मलई मीच कालवली होती. हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही माझी कीव कराल, आणि तेवढा साधा मी नव्हतो.

हळदीचा दिवस. गावच्या बड्या जमीनदाराच्या, आमच्या मालकाच्या, अंगणात मांडव, मांडवात पाहुणे. मी न्हावी. पालमच्या रस्त्याला फाट्यावर माझं दुकान आहे. पण मालकाच्या घरची हजामत आजोबांपासून आम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन करत आलो. ते दुकानात येत नाहीत. दुकानातल्या खुर्चीवर सगळं गाव बसतं ना.

नवरदेव, मालकांचा पोरगा, पाटावर बसला होता. चेहरा लालबुंद, गाल सुजलेले, नाकाच्या बाजूला बारीक पुळ्या. पहिली हळद लागली तसा तो ओरडून उठला.

"ए हजामा! काय लावलंस रं पोराला?"

मालकांनी माझ्या पेटीतली डबी स्वतः काढली. बोटं बुडवली आणि माझ्या तोंडाला फासली. गालांना, कपाळाला, ओठांना.

"बघू तुझं थोबाड किती उजळतंय. पुसू नकोस. पंगत उठंस्तोवर हितंच उभा ऱ्हा."

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "अरे, ह्यालाच बाशिंग बांधा की!"

माझ्या तोंडून काय निघालं? "चुकलं, मालक." लगेच. हात आपोआप जोडलेले.

त्या डबीला आमच्याकडे उजाळा म्हणायचे. नाव मीच दिलेलं. फेशियलची साधी मलई, थोडं ब्लीच, आणि मेडिकलवरून आणलेली खाजेच्या औषधाची ट्यूब. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागत नाही. लावली की थोड्याच दिवसांत चेहरा गोरा, तुकतुकीत. थांबवली की चेहरा पेटतो. मग माणूस परत माझ्याकडेच येतो. एवढं मला कळत होतं. का पेटतो, ते विचारायला मी कुठे गेलो नाही. दुकान चालत होतं.

नवरदेव कित्येक महिने लावत होता. मध्ये ट्यूब मिळेना, त्याची डबी संपली आणि चेहरा भडकला. लग्न तोंडावर आलेलं. मी घाईत नवी डबी कालवली, ब्लीच जास्त घातलं. त्यावर ही हळद.

मी मांडवाच्या खांबाजवळ उभा राहिलो. टेकायची हिंमत नव्हती. आधी नुसती चुणचुण. मग मिरची लागल्यासारखी आग. वारा आला तरी झोंबायचं. डोळ्यांतून पाणी आलं, ते गालावर उतरलं तर तेही झोंबलं. पंगत बसली. ज्यांच्या गळ्यावरून माझा वस्तरा फिरतो, ती माणसं समोरून गेली. कुणी नजर दिली नाही. एवढ्या माणसांत इतका एकटा मी कधीच नव्हतो. एक पाहुणी माझ्याकडे बघून तोंड वळवून गेली. मी खांद्यावरचा गमछा ओढून तोंडावर घेतला.

आणि ते ओढणं मला ओळखीचं वाटलं. असं सुमन करते.

सुमन माझी बायको. नवी डबी कालवली की गिऱ्हाइकाच्या आधी मी तिच्या गालाला लावून बघायचो. वर्षानुवर्षं. तिचा चेहरा कायमचा लाल झाला. चुलीसमोर बसली की जळायचा, उन्हात गेली की जळायचा, साध्या साबणानं जळायचा. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या.

"अहो, लय आग व्हायलीय," ती म्हणायची.

"तुझी कातडीच नाजूक," मी म्हणायचो.

घर दुकानाच्या मागेच. ती चहा घेऊन आली की गिऱ्हाइकांदेखत बोलायचो, "आत हो. हे तोंड बघून कोण बसंल खुर्चीवर?" मग ती दाराच्या फटीतून कप सरकवायला लागली. शिवरात्रीची जत्रा सोडली. माहेरची लग्नं सोडली. घरात आम्ही दोघंच, आणि बोलणं संपलेलं.

मालकानं मला एक दुपार उभं केलं होतं. मी तिला किती वर्षं उभं केलं?

मी पाण्याच्या टाकीकडे गेलो आणि सगळ्यांसमोर तोंड धुतलं.

"कुणी सांगितलं रं तुला?" मालक ओरडले.

"कुणीच न्हाई." मी गमछ्यानं तोंड टिपलं. "मालक, तुमच्या पोराचं तोंड मी बिघडवलं. त्याची माफी त्याला मागतो. पण माझ्या तोंडाला हात लावायचा तुमाला हक्क न्हाई. हितून म्होरं ह्या ओट्यावर मी येणार न्हाई. दाढी करायची तर दुकानात या. नंबर लागंल तसं बसा."

मग नवरदेवाकडे वळलो. "दादा, चुकलं माझं. तोंडाला हळद लावून घेऊ नका. थंड पाण्यानं धुवा, आन् परभणीला कातडीच्या डॉक्टरला दाखवा." त्यानं मान हलवली.

मला मारतील असं वाटलं. मारलं नाही. पेटी तेवढी रस्त्यावर फेकली. वस्तरे, कात्र्या वेचून मी घरी आलो.

मग सुमनला घेऊन एसटीनं परभणीला गेलो. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "यांची त्वचा नाजूक नव्हती हो. ते औषध थोडे दिवस, सांगितलं तेवढंच वापरायचं असतं. चेहऱ्याला तर फार जपून. तुम्ही वरचा थर पातळ करून टाकलात. आता पाणीसुद्धा बोचणार."

ट्यूब सोडायची, पण त्या सांगतील तशी. साबण नको, बेसन-लिंबू नको, घासणं नको. साध्या पाण्यानं धुवायचं, मऊ कापडानं नुसतं टिपायचं, वर बिनवासाचं साधं मलम. ऊन आणि चुलीची झळ टाळायची. आधी वाढेल, मग हळूहळू उतरेल. सगळंच पहिल्यासारखं होईल याची खात्री नाही.

सुमन डॉक्टरांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. येताना एसटीत ती पुढच्या बाकावर जाऊन बसली.

आता भाकऱ्या मी थापतो. ती पाठ करून जेवते. मालकाच्या शब्दावर बरीच गिऱ्हाइकं तुटली, खुर्ची बराच वेळ रिकामी असते. उजाळा मागायला अजून पोरं येतात. मी देत नाही, का देत नाही तेही सांगतो. काही हसून जातात. पण मालकापुढे जो शब्द चटकन निघाला होता, तो तिच्यापुढे निघत नव्हता. रोज ओठांपर्यंत यायचा आणि परत जायचा.

परवा खुर्चीवर एक जण होता, अर्ध्या गालाला फेस. बाकावर दोघं. दाराच्या फटीतून कप सरकला. मी वस्तरा खाली ठेवला आणि दार पूर्ण उघडलं.

"बाहेर ये."

ती पदर ओढून उभी राहिली.

"काय झालं, भाऊ? अर्धीच दाढी ठिवता का?" खुर्चीवरचा म्हणाला.

"थांबा जरा. तुमच्यादेखत हिला आत हाकलायचो. तुमच्यादेखतच बोलू द्या."

या वेळी हात आपोआप जोडले गेले नाहीत. मी जोडले.

"सुमन, तुझी कातडी नाजूक नव्हती. मी जाळली ती. आन् वर तुलाच झाकून ठिवलं. आता ह्या दारात तोंड उघडं ठिवून उभी ऱ्हा. ज्याला बघवत न्हाई, त्यानं ह्या खुर्चीवर बसू नये. चुकलं माझं."