आमची बुधवारची किमोची खोली

भेटायला येणारं माणूस आधी हळू आवाजात विचारतं, "कसं वाटायलंय आता?" मी म्हणते, बरं वाटायलंय, बसा. मग चहा येतो, आणि मी एखादा किस्सा सांगते. तो ऐकून माणूस हसतं, आणि हसलं म्हणून लगेच घाबरतं. कॅन्सरवाल्या बाईच्या घरात हसावं का नाही, हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं ना! पण मी तरी काय करू? किमोच्या खोलीत माणसं तास न् तास हात सरळ ठेवून बसतात. टीव्ही असतो, पण रिमोट कुणाकडं असतो ते देवालाच माहीत. मग बोलण्याशिवाय उरतं काय? बोलता बोलता किस्से साठत जातात.

मी बोरीची. लेडीज टेलर. ब्लाऊज, फॉल-पिको, सगळं करते. छातीत गाठ निघाली आणि परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी किमो, मग ऑपरेशन. बसमध्ये परत येताना मी आणि आमचे हे, दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. घरी आल्यावर ह्यांनी फक्त एवढंच विचारलं, "शिवायला घेतलेले कपडे कुणाकुणाचे हायेत? सांगून येतो."

तयारी तिथूनच सुरू झाली.

*

डॉक्टरांनी बजावलं होतं, ह्या औषधानं अंगातली ताकद कमी होते, इन्फेक्शन लवकर होतं. घरात थर्मामीटर ठेवा, पाणी उकळून प्या, आणि मुख्य म्हणजे गर्दी करू नका.

आता बोरीत गर्दी करू नका, हे कुणाला सांगायचं? दुसऱ्याच दिवसापासून रांग लागली. एक लांबची चुलतसासू तर दारातूनच डोळ्याला पदर लावत आली. "म्हणलं, एकदा डोळे भरून बघून यावं."

आमच्या सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या, हातात सॅनिटायझरची बाटली. त्या म्हणाल्या, "बघा की. तिथूनच दिसायलीय ती. आन् रडायचं आसंल तर भाईर रडून या, आत बिनउकळलेल्या पाण्याची मनाई हाय!"

गावातले मोठे पुढारी आले, तर त्यांनाही तसंच. पुढारी म्हणाले, "आजी, मला ओळखलं न्हाई का?"

"ओळखलं की! म्हणून तर दोनदा फवारायलेय. हात पुढं करा!"

*

माझी वेणी कमरेपर्यंत होती. केस गळणारच, तर आधीच बारीक करून घ्या म्हणजे मनाला कमी लागतं, असं सिस्टरनी सांगितलं होतं. गावातल्या बालाजीला घरी बोलावलं. बालाजी म्हणजे आमच्या मुलांचं जावळ काढलेला माणूस. त्यानं कात्री हातात घेतली आणि नुसताच उभा राहिला.

"वहिनी, माझ्यानं होत न्हाई हो."

मला रडू यायच्या बेतात होतं. तो रडला असता तर मी रडलेच असते. तेवढ्यात आमचे हे पुढं झाले. लग्नानंतर पाच-सहा वर्षांतच ह्यांचं डोकं पार गुळगुळीत झालेलं.

"काऊन रे बालाजी? माझे गेले तवा तर तू हसला होतास!"

बालाजी हसला, मी हसले, आणि त्या हसण्यातच कात्री चालली.

*

पहिल्या बुधवारी खोलीत शेजारच्या खुर्चीत शिवाप्पा अण्णा होते. सेलूकडचे किराणा दुकानदार, कपाळावर विभूतीचे पट्टे. गळ्यात गाठी झाल्या होत्या त्यांना. पलीकडं ताडकळसच्या कोंडाबाई, सुनेला घेऊन यायच्या. त्यांनाही माझ्यासारखंच.

अण्णांना आणि मला एक लाल औषध होतं. अगदी शरबतासारखं. सिस्टर आधी नीट समजावून सांगायच्या, की लघवीला लाल होईल, घाबरायचं नाही. अण्णा त्या वेळी दुकानातल्या माणसाला फोनवर साखरेचा भाव सांगत होते.

थोड्या वेळानं बाथरूममधून आरडाओरडा! "सिस्टर! धावा! समदं रगत गेलं माझं!"

सिस्टरनी दाराबाहेरून शांतपणे समजावलं. "अण्णा, तो औषधाचा रंग आहे. मी सांगितलं होतं."

मग अण्णा बाहेर आले आणि खुर्चीत टेकत म्हणाले, "मी तर महादेवाला हाक मारून बसलो ना आतमधी. ते निघाले आसतील कैलासाहून! आता त्यांना परत जा म्हणून कसं सांगू?"

*

किमोनंतरचे चार-पाच दिवस वाईट. तोंडाला गंज चाटल्यासारखी चव. आणि सगळ्यात वैरी कोण, तर लसणाची फोडणी! कुठं तेलात लसूण पडला की माझ्या पोटात ढवळून यायचं. आमच्या घरात फोडणी बंद झाली. पण आमची गल्ली अशी, की एकाच्या घरात मोहरी तडतडली तर चार घरांत शिंका येतात.

मी कुणाला काही बोलले नव्हते. सासूबाईच कधीतरी बोलून गेल्या असतील. पुढच्या किमोनंतर माझ्या लक्षात आलं, की दोन दिवस झाले, वासच नाही! एकाही घरातून नाही.

आठवड्यानं जरा हिंडायला लागले, तर शेजारचे सखारामभाऊजी दारात भेटले. पैलवान गडी, खायचा शौकीन. हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुमी लवकर बऱ्या व्हाव्या म्हणून आमच्या घरात रोज प्रार्थना चालू हाय."

मला भरून आलं. म्हटलं, "भाऊजी, तुमचे लय उपकार."

"उपकार कसले? समदी गल्ली बिनफोडणीचं वरण खायलीय. आता देवानंच तुमाला बी बरं करावं आन् वरणाला बी!"

*

कोंडाबाईंना किमोला आणणं म्हणजे सुनेची परीक्षा. बुधवार आला की त्यांचं सुरू, "मी येत न्हाई, मला मरू द्या." सून बिचारी समजावून, रागावून, कधी बसमध्ये हात धरून आणायची.

एकदा मात्र स्वतः तयार होऊन, नवं लुगडं नेसून आल्या. आणि नेमकं त्याच दिवशी रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी कमी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, "आज्जी, आज किमो देता येणार नाही. घरी जा, पुढच्या आठवड्यात बघू."

कोंडाबाई उठेचनात. "आसं कसं? अर्धी तरी लावा!"

"अर्धी नसते हो आज्जी."

"येत न्हाई म्हणलं तर तुमी लोक ओढून आणता. आज आपल्या पायानं आले तर घरी जा म्हणता. डॉक्टर, तुमचं माझं जमायचं तरी कसं?"

डॉक्टर इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला.

*

अंगात जरा ताकद असेल त्या दिवशी मी मशीनवर बसायची. मऊ सुती कापडाच्या टोप्या शिवायला घेतल्या, आमच्या खोलीतल्यांसाठी. टक्कल पडलेल्या डोक्याला नायलॉन टोचतं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

कोंडाबाईंनी टोपी उलटीसुलटी करून बघितली. "काठ न्हाई व्हय हिला? बिनकाठाचं मी आजून काही नेसले न्हाई." काठ लावला. अण्णांना खिसा पाहिजे होता. टोपीला! "दुकानदाराला खिशाबिगर करमत न्हाई ताई." खिसाही लावला.

वाटून झाल्या, तशा सिस्टर जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, मला पण एक शिवा ना."

"तुम्हाला कशाला? एवढी जाड वेणी आहे की!"

"म्हणूनच तर. तुमच्या सगळ्यांत मी एकटीच वेगळी दिसायलेय!"

*

सगळेच किस्से सारखे नसतात. अण्णांच्या गाठी पुन्हा आल्या. डॉक्टरांनी दुसरं औषध देऊन बघितलं, मग तेही थांबवलं. बुधवारी त्यांची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळायला लागली.

एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज बारीक, पण बोलणं तेच. "ताई, जलमभर दुकानात उभा ऱ्हायलो. जरा टेकलो की बायको म्हणायची, काय बसून खायलाव, उठा! आता पहिल्यांदा पडून हाय, आन् तीच म्हणतीय, उठू नका, मी हाय ना. हे सुख आधी कुठं होतं हो?"

मी हसले. त्यांनाही तेच पाहिजे होतं, हे मला कळत होतं. फोन ठेवल्यावर मशीनवर नुसतीच बसून राहिले. अण्णा पुढं थोडेच दिवस होते. पण महादेवाला कैलासाहून बोलावणारा असा माणूस शेजारच्या खुर्चीत मिळाला, ह्याला मी नशीबच म्हणते.

*

कोंडाबाईंची किमो माझ्या आधी संपली. सिस्टरनी पेढा दिला, डॉक्टरांनी सांगितलं, आता थेट तपासणीलाच या. त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर देवगाव फाट्याची एक तरणी बाई बसली होती. पुढच्या बुधवारपासून तिची किमो सुरू होणार होती. नवरा समजावत होता, ती मान हलवत होती आणि रडत होती. कोंडाबाई जाताना तिच्याकडं वळून वळून बघत गेल्या.

तोवर माझी तीन आठवड्यांनी होणारी किमो दर आठवड्याची झाली होती. पुढच्या बुधवारी मी पोचले तर कोंडाबाई आपल्या जुन्या खुर्चीत हजर! कपाळाला ठसठशीत कुंकू, मांडीवर पिशवी.

सिस्टर म्हणाल्या, "आज्जी, तुमची किमो संपली ना?"

"मला म्हाईत हाय. मी काही खुळी न्हाई."

तेवढ्यात ती बाई आत आली. शेजारच्या खुर्चीत बसली, पण हात पदरात घट्ट गुंडाळलेला. सिस्टर सुई घेऊन उभ्या, आणि ती हात काही देईना. शेवटी तिनं कोंडाबाईंकडं बघून विचारलं, "आजी, तुमची बी आजच हाय का?"

"न्हाई. माझी संपली."

"मग कशाला आलाव?"

"तुला दाखवायला. किमो संपलेलं माणूस कसं दिसतं ते."

ती बाई बघतच राहिली. कुंकू, चेहरा, हात, पायातल्या चपला, सगळं नीट बघितलं. मग म्हणाली, "आजी, तुमी तर चांगल्याच दिसायलाव!"

"मग! आता हात सरळ कर बरं. सिस्टरला उशीर व्हायलाय."