भैरवी झाली

आमच्या कॉलनीत दर वर्षी सगळ्या प्रांतांच्या गाण्याबजावण्याचा उत्सव व्हायचा असं मी कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "अरे वा! किती छान!" छान कसलं, डोंबल. त्या उत्सवाचा विषय निघाला तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते. आणि ती कुणावर काढायची तेही आजवर कळलेलं नाही, हे त्याहून वाईट.

कॉलनी नाशिक रोडची. कुणी नोटांच्या प्रेसमध्ये, कुणी रेल्वेत. एकेका जिन्यावर तीन-चार भाषा नांदायच्या. उत्सव थंडीत, रविवारी सकाळी, मधल्या मैदानात कापडी मांडव घालून. शेजारच्या इमारतीतली बौद्ध मंडळी ढोलकी-खंजिरीवर भीमगीतं म्हणायची, तेव्हा चहाच्या टपरीवरचे लोकसुद्धा आत येऊन बसायचे. बंगाली बहिणी एकतारीवर बाऊल गायच्या. रेल्वेतले एक सरदारजी पेटी घेऊन शबद म्हणायचे. मालेगावहून कुणाचे तरी पाहुणे कव्वालीला यायचे, ते जाताना प्रत्येकाला बाजूला घेऊन "आमचं बरं झालं ना?" असं विचारायचे. तेव्हा आवडायचं सगळं, खोटं कशाला बोलू.

माझी आई लग्नाआधी पंचवटीत एका बुवांकडे गाणं शिकली होती. नुसतं भजनापुरतं नव्हे, चांगलं तंबोरा घेऊन, पहाटे उठून. लग्न झालं आणि तंबोरा आमच्या लोखंडी कपाटावर गेला, जुन्या चादरीत गुंडाळून. आई गायची ती फोडणी देताना, तांदूळ निवडताना. उत्सवाचे चिटणीस दर वर्षी विचारायला यायचे, "वहिनी, यंदा तरी?" दर वर्षी काहीतरी उपटायचंच. आजीचं आजारपण, काकूचं बाळंतपण, माझी अकरावी. "पुढच्या वर्षी नक्की हं, भाऊजी," असं म्हणून आई त्यांना चहा द्यायची.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. मी तेव्हा कॉलेजात होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गाठ काढायलाच हवी, पण आत आवाजाच्या नसा आहेत, आवाजाचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दादा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत बसल्याजागी पांढरे पडले. आईनं मात्र एकच विचारलं, "डॉक्टर, उत्सवानंतर केलं तर चालेल का?" डॉक्टरांना कसला उत्सव ते कळलं नाही. चालेल म्हणाले.

त्याच संध्याकाळी दादांनी स्टुलावर चढून तंबोरा खाली काढला. चिटणिसांना आईनं स्वतः निरोप पाठवला. त्यांनी तिला शेवटची जागा दिली. शेवटची म्हणजे मानाची. आधी तोडी आणि मग समारोपाची भैरवी, असं ठरलं. आमच्याकडे मैफल भैरवीनं संपते आणि भैरवी झाली की कुणी गात नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असायचं. आईच्या बुवांचा तर तो दंडकच होता. भैरवीनंतर त्यांनी साधं गुणगुणणाऱ्यालाही उठवून घरी पाठवलं होतं म्हणे.

आईच्या आधी होत्या वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामी, वीणा वाजवणाऱ्या. आईची त्यांच्याशी गट्टी. मामींचं मराठी मोडकंतोडकं, आईला तमिळचं ओ की ठो कळत नव्हतं, पण दुपारी जिन्यात बसून दोघी तासन् तास सुरांत बोलायच्या. आईच्या आजाराचं आमच्याखालोखाल मामींनाच ठाऊक होतं. त्या सकाळी आईच्या केसांत गजरासुद्धा त्यांनीच माळला. "आज तुमचा दिवस है, अक्का," म्हणाल्या.

कार्यक्रम लांबला. कव्वालीवाले एकदा रंगात आले की थांबायचं नाव नाही. मामी वाजवायला बसल्या तेव्हा ऊन मांडवाच्या आत आलं होतं. कॉलनीत नळाला पाणी यायचं बाराच्या सुमाराला, त्यामुळे बायकांची चुळबुळ सुरू झालेली. मामींचं मोठं वादन संपलं, टाळ्या पडल्या. चिटणिसांना वाटलं, लोक धरून ठेवायला हवेत. ते वाकून म्हणाले, "मामी, एक काहीतरी छोटंसं, गोड वाजवा. लोक बसतील."

मामींनी एक लहानशी चीज घेतली. त्यांच्या संगीतात अशा हलक्याफुलक्या चिजा शेवटाकडे सहज वाजवतात, त्यात काही विशेष नसतं. त्यांच्याकडे मंगलम झाल्याशिवाय मैफल संपतच नाही, आणि मंगलम तर त्यांनी वाजवलंच नव्हतं. पण वीणेतून निघाली ती आमच्या कानांना सरळसरळ भैरवी. ते कोमल सूर, तो घरी निघाल्यासारखा जीव कासावीस करणारा भाव. मी आईकडे पाहिलं. तंबोरा मांडीवर आडवा घेऊन ती बाजूला बसली होती. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, ऐकतेय.

वीणा थांबली आणि अख्खा मांडव उठला. अहो, सवयीनं उठला! एकालाही विचार करावा लागला नाही. भैरवी झाली, चला. सतरंज्या झटकल्या जाऊ लागल्या, पोरं खुर्च्या एकात एक घालायला लागली, बायका बादल्यांच्या ओढीनं निघाल्या. चिटणीस माईकवर ओरडत होते, "बसा, बसा, अजून वहिनींचं गाणं आहे!" निम्मे-अर्धे परतही आले. खरंच सांगते, परत आले. पुढे चांगली चाळीसेक माणसं बसली होती. दादा हात जोडून एकेकाला बसवत होते.

मामींना काय झालं तेच आधी समजेना. समजलं तेव्हा त्या वीणा तशीच टाकून आईपाशी आल्या. "अक्का, वो आखरी नहीं था. छोटा चीज था. तुम्ही गा. मेरी कसम, गा."

आई त्यांच्याकडे बघून हसली. "नको हो मामी. भैरवी झाली." बस्स, एवढंच. खणखणीत आवाजात, रागाचा लवलेश नाही. मग तिनं तंबोऱ्याला चादर गुंडाळली.

मी तिथंच रडायला लागले. "आई, कोण बसलंय तुझ्या बुवांच्या नियमांचा हिशेब ठेवायला? गा ना गं!" तिनं मला दटावलं, "चारचौघांत तमाशा नको." घरी आल्यावर दादा म्हणाले, "आता आमच्यासाठी म्हण." ती म्हणाली, "तुमच्यासाठी रोजच म्हणते की." आणि खरकटी भांडी घासायला बसली. मी कान देऊन होते. भांडी घासतानाही ती गायली नाही.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला, सगळ्यांनी पेढे वाटा म्हणून सांगितलं. आवाज मात्र गेला. उरली ती हवेची फुसफुस. शेजारच्या खोलीतून हाक मारायची तर ती ताटलीवर चमचा वाजवायची. मामी रोज यायच्या, बसायच्या, जायच्या. आईनं त्यांना कधी बोल लावला नाही. त्यांनीच तो स्वतःला लावून घेतला. त्यांच्या वीणेचा सूर जिन्यात पुन्हा आला नाही, आणि पुढे बदली होऊन त्या मद्रासला गेल्या. उत्सवही दोन-तीन वर्षांत बंद पडला. पडो मेला.

माझं लग्न झालं, मुलगी झाली. ऐंशी साल उलटून गेल्यावरची गोष्ट. मी माहेरी आले होते. चिटणीस निवृत्त होऊन गावी निघाले होते, तर सामान आवरताना सापडलेली एक कॅसेट घेऊन आले. त्या उत्सवात कुणीतरी आखातातून आणलेला टेपरेकॉर्डर स्टेजपाशी ठेवला होता म्हणे. दादांनी घाईघाईनं ती लावली. मामींची वीणा. ती चीज. टाळ्या. खुर्च्यांची खडखड. मामींचं ते रडवेलं "मेरी कसम, गा." आणि मग माझ्या आईचा आवाज.

"नको हो मामी. भैरवी झाली."

आईचं जगात ध्वनिमुद्रण आहे ते एवढंच. दादांनी मागं नेऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा. माझी मुलगी टेपला कान लावून म्हणाली, "कोण बोलतेय ही?" तिनं आजीचा आवाज जन्मात ऐकला नव्हता. दादा बटण मागं-पुढं करत राहिले.

आई दारात उभी होती. तिचे ओठ हलत होते. बंद करा म्हणत असावी, कितीतरी वेळ म्हणत असावी. पण टेपमधली आई एवढ्या खणखणीत आवाजात बोलत होती, की दारातल्या आईचं आमच्यापैकी कुणालाच ऐकू आलं नाही.