सोमवारच्या पत्राचं उत्तर
लाकडाच्या ताज्या भुशाचा वास आला की मला सदर भागातली माझी एका खोलीची कचेरी आठवते. चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्यांना शिकवायचं मी नुकतंच सुरू केलं होतं आणि कोणी शिकायला यावं म्हणून दर सोमवारी ओळखीपाळखीच्यांना ईमेलवर पत्र पाठवायचे. सहा महिने एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी, आता हे पत्र शेवटचंच असं ठरवून मी खरं ते लिहून टाकलं, की पहिल्याच भाषणात शब्द विसरून मी स्टेजवरून पळाले होते. दोन दिवसांनी लकडगंजच्या एका लाकूड कापायच्या आरा मशीनचे मालक दारात उभे राहिले, खांद्यावर भुसा तसाच. म्हणाले, "मॅडम, सुनेले येते तुमचं पत्र, ती मले वाचून दाखवते. तुम्ही बी पळाल्या होत्या हे ऐकून हिंमत आली. पोरीच्या लग्नात चार शब्द बोलाचे आहेत, पण माह्यं तोंडच उघडत नाही." महिनाभर ते न चुकता आले. लग्नाला मलाही बोलावलं. तिथे ते तीन वाक्यं नीट बोलले, चौथ्याला मुलीकडे पाहून थांबले, तर तीच शालू सावरत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. आता शिकायला येणारे पुष्कळ आहेत, पण त्या दिवशी पंगतीत जेवले तशी पोटभर मी पुन्हा कुठे जेवलेली नाही.