येडशीचे चाचा आणि उलटं सील

येडशीच्या फाट्यावर गॅरेज असलेल्या चाचांनी मला वाचवलं, हे आधी सांगून टाकतो. काय झालं ते मागाहून. चाचांइतकं तिखट नाक उभ्या धाराशिव जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला असेल, हे मला कुणी पटवूच शकणार नाही. गाडी आली की ते बॉनेट उघडत नाहीत. चाकाशी उकिडवे बसतात, ब्रेकच्या ड्रमखालचा ओघळ बोटावर घेतात आणि डोळे मिटून अत्तर हुंगावं तसं हुंगतात. "हे ब्रेकऑइल. ते गिअरऑइल. आन् हे," एकदा एका गुत्तेदाराला म्हणाले, "हे कुत्र्याचं हाय, मालक. गाडी घरी न्या." घाई करणाऱ्याचं काम ते मुद्दाम शेवटी घेतात. मोबाइलवर बोलणाऱ्याला शेडबाहेर लिंबाखाली उभं करतात. बेअरिंग काय सांगतंय ते ऐकू येत नाही म्हणे. आणि ज्याच्या गाडीच्या चाकाचा हब, त्यानंच तो पुसायचा. पांढऱ्या शर्टातल्या वकिलालासुद्धा त्यांनी चिंधी दिली होती. "कोर्टात मी तुमचं ऐकतो. हितं तुमी माझं ऐकायचं."

मी गडचिरोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, मग जिथं स्टिअरिंग मिळालं तिथं राहिलो. फिरत फिरत येरमाळ्याजवळ वस्ती करून राहणाऱ्या एका मालकांची जुनी फोर-व्हील जीप चालवायला लागलो. मालकांची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिस, आणि वस्तीच्या ओढ्यातून ह्या जीपशिवाय दुसरं काही बाहेर निघायचं नाही. मागच्या डाव्या चाकातून तेल गळायला लागलं तेव्हा वाटलं, आपणच बघू. तेल अडवणारं नवं रबरी सील आणून ठोकून बसवलं. तेलानं माखलेले ब्रेकचे लायनर पेट्रोलनं धुतले, उन्हात वाळवले आणि परत चढवले. मालक म्हणाले, "हुशार हायेस की रे!" परमुलखात एवढं कुणी म्हटलं तरी मला आठ दिवस पुरतं.

आठ दिवसच पुरलं. सोलापूरला निघालो होतो. येडशीच्या अलीकडच्या उतारावर ब्रेक दाबला आणि जीप उजवीकडं ओढली गेली. समोरचा उसाचा ट्रॅक्टर हातभर अंतरावरून गेला. मालकांचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. रक्त थोडंच होतं, पण त्यांना श्वास आधीच लागलेला. तुळजापूरचा घाट अजून पुढं होता. दुपारी दोनचा नंबर चुकला तर पुढचा दोन दिवसांनी, आणि तोवर छातीत पाणी चढणार. लग्नसराईत दुसरी गाडी मिळेना. पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत चाचांच्या शेडपर्यंत आलो.

त्या दिवशी चाचांनी घाई केली. मालकांना बाजेवर टेकवून बसवलं, चाक काढलं, हब ओढला. आतलं सील बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मलाही दिसलं. सीलची स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडं हवी. मी ती बाहेर ठेवली होती. नोकरी गेलीच, पण मी ह्या माणसाला घाटात मारणार होतो.

"काय... निघालं, चाचा?" मालकांनी धापत विचारलं.

"दम कोंडला व्हता तिचा," चाचा म्हणाले. "एक्सलला हवा जायला बारीक भोक असतंय. ओढ्याच्या गाळानं बुजलं. आतली हवा सीलातनं निघाली, तेल घेऊन. पोराची चूक न्हाय."

भोक खरंच बुजलेलं होतं. पण त्यानं सील उलटं होत नाही. ते सील चाचांनी गपचूप खिशात घातलं, नवं माझ्या तळहातावर ठेवलं आणि मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाले, "तूच बसव. आता जन्मात उलटं बसायचं न्हाय तुझ्याकडनं." सील सगळीकडून सारखं आत जाईपर्यंत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. माझे धुतलेले लायनर लांब भिरकावले. तापले की पोटातलं तेल परत ओकतात, म्हणाले. नवे चढवले. दोनला दहा मिनिटं असताना मालक दवाखान्यातल्या पलंगावर होते.

त्यानंतर मालक पावसाळाभर जगले. गेले ते आजारानं गेले. खरं काय ते त्यांना सांगायचं मला जमलं नाही. प्रत्येक फेरीला आरशात त्यांच्याकडं बघायचो आणि पुढच्या फेरीला सांगू म्हणायचो.

दहाव्याला चाचा येडशीहून चालत आले. गाडी पाठवली असती की, असं मी म्हणालो, तर म्हणाले, "ज्या गाडीची चाकं त्या दिशी म्या उघडून बघितली न्हाईत तिच्यात म्या बसत न्हाय." बाभळीखाली पोटऱ्या चोळत बसले असताना आणखी एक कळलं. नळदुर्गला त्यांची थोरली बहीण तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहे, आणि तेवढं चालणं आता ह्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. "सलाम पाठवतो कुणाबरोबर तरी," म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले.

त्यांना तोंडावर म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून इथं लिहितो. चाचा, मालकिणीनं जीप माझ्याच हातात ठेवली आहे. एक दिवस ती तुमच्या दारात आणीन, चारही चाकं तुमच्यासमोर उघडीन, तुम्ही म्हणाल तितक्या वेळा बंद करून परत उघडीन, आणि तुम्हाला नळदुर्गला बहिणीच्या दारात नेऊन उतरवीन. तोवर त्या जिवंत असू देत.