घुबडाचं ताट

सांगलीतल्या निम्म्या लोकांची लग्नं सुकुमार मगदुमांनी लावली. म्हणजे पत्रिका त्यांनी छापल्या. पण पत्रिका छापून झाली की लग्न निम्मं लागलंच, उरलेलं भटजी नाहीतर उपाध्ये बघून घेतात, असं त्यांचं म्हणणं. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. बोळाच्या एका बाजूला घर, समोर छापखाना, मधे मोजून सात पावलं. छापखान्यात पायानं चालवायचं एक जुनं ट्रेडल मशीन, शिशाच्या खिळ्यांची, म्हणजे सुट्या अक्षरांची, कपाटं आणि ते मशीन चालवणारा ज्ञानू.

ज्ञानू उंब्रजचा. सोमवारी सकाळी यष्टीनं यायचा, शनिवारी संध्याकाळी जायचा, आणि मधले दिवस छापखान्यातच पथारी पसरायचा. बावीस वर्षं हा क्रम. अण्णांचं घर जैनांचं. तिन्हीसांजेच्या आत जेवणं उरकायची, दिवस मावळला की चूल थंड. ज्ञानूचं मशीन साडेसातला थांबायचं. मग हातापायाची शाई घासून काढायची, अंघोळ करायची, तेव्हा कुठं त्याला भूक आठवायची. अण्णांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी, झाकून ठेवलेलं ताट तो रोज छापखान्यात घेऊन जायचा आणि कागदाच्या रिमांवर बसून जेवायचा.

अण्णांच्या घरी कांदा चालत नसे. ज्ञानूला कांद्याशिवाय भाकरी गिळवत नसे. म्हणून तो उंब्रजहून बारके कांदे आणायचा आणि खिळ्यांच्या कपाटातल्या ‘ऌ’च्या खान्यात ठेवायचा. हे अक्षर मुळाक्षरांच्या तक्त्यावर असतं, पत्रिकेत कुणाला लागत नाही. त्यामुळे तिकडं कुणाचा हात जाणार नाही, असा त्याचा हिशेब. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातलीच गत. अण्णांचं नाक काही मिटलेलं नव्हतं. पण बावीस वर्षांत त्यांनी ‘ऌ’चं नाव काढलं नाही.

तर १९९४च्या जानेवारीत अण्णांची पाच वर्षांची नात, ब्राह्मी, छापखान्याच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिनं विचारलं, “अज्जा, तुमी काय काय छापता?”

अण्णांनी पाढाच वाचला. लग्नाच्या पत्रिका, हळदीच्या पेढीची पावतीपुस्तकं, माधवनगरच्या कापडाची लेबलं, कुस्त्यांच्या मैदानाची हँडबिलं.

“आणि गोष्टीचं पुस्तक?”

“ते न्हाई छापलं.”

“मग काय उपयोग!” असं म्हणून ती निघून गेली.

तीस वर्षांच्या धंद्याचा पाच वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात निकाल लावला. अण्णांना दुपारची झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या आठवड्यात शनिवारी ब्राह्मीच्या बालवाडीत प्रत्येक पोराला एकेक पुस्तक मिळेल, उरलेली इतर शाळांना. गोष्ट अण्णांची, छपाई अण्णांची, चित्रंही अण्णांचीच.

चित्रांचं मात्र खरं सांगितलं पाहिजे. नवे ठसे करून आणायला सवड नव्हती, म्हणून अण्णांनी जुनी खोकी उपसली. हत्ती लग्नपत्रिकेतला, त्यामुळे सोंडेत हार. घोडा बँडवाल्याच्या जाहिरातीतला, पाठीवर झूल आणि डोक्यावर तुरा. ससा गादी कारखान्याचा, तो कायम लोळलेला. गोष्ट अशी, की सशाचं छप्पर वाऱ्यानं उडतं आणि सगळे दोस्त मदतीला धावतात. सशाचं घर उघड्यावर पडलंय आणि हत्ती हार घेऊन आलाय, ससा लोळतोय. ज्ञानू म्हणाला, “अण्णा, हे छप्पर शाकारायला आल्यात का वरातीला?” अण्णांनी त्याला मशीन चालवायला सांगितलं.

एका घुबडाचाच ठसा सापडेना. सापडणार कसा? घुबडाची जाहिरात करणारा धंदा अजून निघायचाय. मग अण्णांनी लिनोलियमचा तुकडा घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि दोन दिवस खपून घुबड स्वतः कोरलं. एक डोळा मोठा, एक बारीक, पण जीव आला त्याच्यात. गोष्टीत त्याला कामही तसंच दिलं: बाकीचे दिवसा राबायचे आणि रात्रभर घुबड अर्धवट छपराची राखण करायचं, कोल्हे येऊन वासे ओढू नयेत म्हणून. पाच दिवसांनी छप्पर पुरं झालं आणि शेवटच्या पानावर पंगत बसली. पाचशे प्रती छापून, टाचून, गठ्ठे बांधून तयार झाल्या.

बुधवारी अण्णांनी पहिली प्रत नातीला वाचून दाखवली. हार घेतलेला हत्ती तिला फार आवडला. घुबडावरून तर तिनं तीनदा बोट फिरवलं. अण्णा खुलले. शेवटचं पान त्यांनी आवाज चढवून वाचलं: “मग सूर्य मावळायच्या आत सगळे दोस्त पंगतीला बसले आणि पोटभर जेवले.”

“घुबड कुठंय?”

“झोपलंय की. दिवसा झोपतंय ते.”

“मग उठल्यावर काय खाणार?”

अण्णांनी पान उलटून पाहिलं. मागं कोरंच होतं. पन्नास वर्षांत त्यांनी दिवस मावळल्यावर घास तोंडात घातला नव्हता, आणि त्यांच्या हातून आख्खं जंगल जैन झालं होतं. जे बिचारं पाच रात्री जागलं, तेच उपाशी.

“आजच्या दिवस उपवास,” अण्णा चाचरत म्हणाले.

ब्राह्मीनं पुस्तक मिटलं. “मला नको हे. बालवाडीत पण देऊ नका. घुबड रडंल.” आणि घुबडाच्या आधी तीच रडली.

स्वयंपाकघरातून विजयमालाबाई हसत बाहेर आल्या. “आवं, त्यात काय? ताट झाकून ठेवायचं. मी रोज ठेवते की.”

बायकोनं सांगितलेली सोपी गोष्ट आपल्याला सुचली नाही याचा राग गिळून अण्णा कामाला लागले. एक चिठ्ठी छापायची आणि पाचशे पुस्तकांत मागच्या कोऱ्या पानावर खळीनं चिकटवायची, असं ठरलं. गुरुवारी त्यांनी ताट कोरलं, घुबडाचा ठसा त्याच्याशेजारी बसवला आणि खाली ओळ जुळवली: “दोस्तांनी झाकून ठेवलेलं ताट घुबडानं उघडलं आणि ते जेवलं.” नमुना ओला असतानाच ते घरी घेऊन आले. दिवस नुकताच मावळला होता, घरातली जेवणं झाली होती.

ब्राह्मीनं बराच वेळ चित्र पाहिलं. अण्णा परीक्षेला बसलेल्या पोरासारखे उभे होते.

“एकटंच जेवतंय?”

“बाकीच्यांचं झालंय गं जेवण.”

“न्हाई जेवायचं. नुसतं जवळ बसायचं. मी बसते की तुमच्याजवळ, माझं आधी झालं तरी.”

हे खरं होतं. ब्राह्मीचं जेवण आधी व्हायचं, आणि मग ती अण्णांच्या ताटाशेजारी बसायची. तेवढ्यात अण्णांची नजर खिडकीतून बोळापलीकडं गेली. छापखान्यात दिवा लागला होता. आज मशीन लवकर थांबलं होतं. ज्ञानू रिमांवर बसून, भिंतीकडं तोंड करून, ताट उघडत होता.

अण्णांनी खिडकीतून हे रोज पाहिलं होतं, आणि जेवणाऱ्याकडं बघू नये म्हणून रोज तोंड फिरवलं होतं. ताट वेळेवर मिळतंय, भाजी त्यालाही आपल्यासारखीच आहे, यात आपण सगळं केलं असं ते धरून चालले होते. बावीस वर्षांत एकदाही ते जवळ जाऊन बसले नव्हते. अण्णांना फार वाईट वाटलं. स्वतःची लाजही वाटली.

त्यांनी नातीचं बोट धरलं आणि सात पावलं चालून छापखान्यात गेले.

ज्ञानू दचकून उठला. एक हात पाठीमागं गेला. “काय झालं, अण्णा? चिट्टीत चूक निघाली व्हय?”

“निघाली. बस, जेव तू.” अण्णांनी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसले. ब्राह्मी रिमांवर चढली.

ज्ञानू बसला, पण त्याचा घास काही उचलेना. “मशिनीचं काय बिघडलंय का? का मला काडून टाकायचा इचार हाय?”

“गप रं. जेवताना माणसाजवळ कुणीतरी बसावं, म्हणून आलोय.”

“आज? आजच का?”

“उशीर झाला खरा,” अण्णा म्हणाले. मग ते खेकसले, “आणि तो मागं लपवलेला हात पुढं काढ. फोड तो कांदा. बावीस वर्षं त्या ‘ऌ’च्या खान्यातनं वास येतोय मला.”

ज्ञानूनं कांदा ताटाशेजारी जमिनीवर ठेवला आणि बुक्की मारून फोडला. अण्णांनी नाक मुरडलं, पण उठले नाहीत. ज्ञानू जेवता जेवता उंब्रजच्या बैलाची गोष्ट सांगू लागला, ब्राह्मी मधे मधे प्रश्न विचारू लागली, आणि त्या दिवशी ज्ञानूनं एक भाकरी जास्त मागून घेतली.

शुक्रवारी नवी चिठ्ठी छापून झाली. तिघांनी बसून पाचशे पुस्तकांत ती चिकटवली, आणि शनिवारी बालवाडीतल्या पोरांच्या हातात पुस्तकं पडली. शेवटच्या चित्रात घुबड जेवतंय. हार घेतलेला हत्ती, तुरा लावलेला घोडा आणि लोळलेला ससा त्याच्याभोवती नुसतेच बसलेत. घुबडाच्या ताटाशेजारी अण्णांनी एक बारकी गोल वस्तू कोरली आहे. बालवाडीच्या बाई तिला लाडू म्हणायच्या, पोरं चंद्र म्हणायची. अण्णांना कुणी विचारलं की ते म्हणायचे, “ज्ञानूला विचारा.”