उधाणाच्या दिवशी सुनावणी

कायदा असा आहे: बंदर म्हणून जाहीर झालेल्या पाण्यात कोणी यायचं आणि कोणी नाही, हे बंदराचा अधिकारी ठरवू शकतो. एक आदेश निघाला की पाणी तेच राहतं, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासे धरणारा माणूस घुसखोर होतो. हे मी माझ्या पत्रकात पहिल्याच ओळीत छापलं होतं, ठळक. रोह्याच्या छापखान्यात मी कामाला आहे, शेजारच्या वरसे गावात खोली घेऊन राहते. पत्रकं काढणं मला जमतं.

आमचं गाव पेणच्या खाडीकाठी. खाडीत वडिलांचा खुंट होता. खुंट म्हणजे चिखलात रोवलेला खांब. त्याला डोल, म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं बांधायचं. ओहोटीचं ओढतं पाणीच त्यात मासळी आणून घालतं. ती जागा आजोबांची, त्याआधी त्यांच्या वडिलांची. कागद नाही. जवळच्या धक्क्यावर मालवाहू बार्जची ये-जा वाढली, तेव्हा तो सगळा पट्टा होड्यांना बंद करायची नोटीस निघाली. लावली कुठे, तर पेणच्या कचेरीतल्या फळ्यावर. जणू खाडीतला माणूस जाळं सोडून रोज तो फळा वाचायला जातो.

हरकती मी लिहून दिल्या. सुनावणीसाठी कारकुनाने दोन तारखा सांगितल्या, एक जवळची, एक त्यानंतर आठवड्याने. मी जवळची घेतली. विषय गरम असताना थंड होऊ द्यायचा नाही, हे मी मोर्च्यांत शिकले होते. तारीख छापून घरोघर वाटली. सगळे येतो म्हणाले.

त्या दिवशी कचेरीत मी एकटीच होते. मग आई आली, मासळीबाजारातून उठून तशीच, टोपली दाराबाहेर ठेवून. बाकीचे कुठे आहेत, असं मी विचारलं. ती पदराला हात पुसत म्हणाली,

"अगो, अवसेचं उधाण हाय. मानसं पान्यावं हायत. तुला म्हायत नव्हतं?"

मला माहीत असायला हवं होतं. अवसेला आणि पुनवेला पाण्याला जोर असतो. दुपारी भरती टेकते, ओहोटी लागली की डोल लावायची. त्या चार-पाच दिवसांत आमच्याकडे कोणी सोयरीकही ठरवत नाही. मधल्या दिवसांत भांग असतो, पाणी मंद होतं, जाळी काठावर वाळत पडतात आणि माणसं मोकळी असतात. दुसरी तारीख भांगातली होती. मी तारखेचा वार पाहिला, तिथी पाहिली नाही. गावातल्या प्रत्येकाला वाटलं, आपण नाही गेलो तर शेजारचा जाईल.

अधिकारी अगदी सभ्यपणे बोलले. होडीचा परवाना कोणाच्या नावावर? माझ्या नाही, आईच्याही नाही. आई खुंटाची जागा हाताने हवेत दाखवू लागली. मी कायदा बोलले, मोठ्याने बोलले. कागदावर उतरलं ते एवढंच: बाधित होडीधारक गैरहजर, त्यांची हरकत नाही.

आदेश आला. गावकीच्या बैठकीत कोणीतरी विचारलंच, उधाणाची तारीख घेतली कोणी? मी भिंतीला टेकून उभी होते. वडील म्हणाले, तिनं मला विचारलं व्हतं, मीच मोजायला चुकलो. त्यावर हशा पिकला. एवढं आयुष्य पाण्यात काढून याला अवस कळंना, आता पोरीकडनं क्यालिंडर मागून घे म्हणावं. वडीलही हसले. मी, जिचं तोंड कधी बंद नसतं, भिंतीपासून हलले नाही.

खुंट काढायला वडील आणि मी गेलो. पाणी निवांत होतं. दोर बांधून ते खुंट हळूहळू हलवत होते, दात काढताना हलवतात तसा. मी म्हटलं, बाबा, मी गावाला खरं सांगते.

"नको. अपील करायचं हाय ना? मंग तुज्या कागदावं लोकांनी सही करायला पायजे. माज्यावं हसले तर हसूदे."

खुंट सुटला तेव्हा खालून काळं पाणी वर आलं आणि थोड्या वेळाने निवळलं. त्यांनी जागेकडे पाहिलं नाही, होडी फिरवली. अपिलावर सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. हे खरं मी बाबांना न विचारता लिहिते आहे.